सहा माणसांचा शिधा

कुंदाने काट्यावर सहावी पिशवी ठेवली. प्रत्येक पिशवीत एका माणसाचा दोन दिवसांचा शिधा होता: पोहे, तांदूळ, मूगडाळ, दाण्याची चटणी. नवरा आणि त्याचे चार मित्र दर डिसेंबरात गडावर तंबू ठोकून राहायचे आणि गेली सव्वीस वर्षं ती त्यांना शिधा मोजून बांधून द्यायची. गड तिने फक्त फोटोत पाहिला होता.

"अगं, आम्ही पाचच जण," नवरा म्हणाला. "एक पिशवी जास्त झाली."

"जास्त नाही. सहावी माझी."

तो हसला. ती हसत नाहीये हे पाहून थांबला.

"गुडघे झेपतील तुझे?"

"दोघांचे एक्सरे शेजारी-शेजारी ठेवून बघा."

त्याने स्वतःचा गुडघा चोळला. मग म्हणाला, "चल तर. निदान गरम जेवण तरी मिळेल."

तिने स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. पहिल्या सकाळचे पोहे त्याच्या नावावर होते. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि हळूच विचारलं, "पोहे किती वेळ उकळायचे?"

कुंदाने यादीत बिस्किटांचे चार पुडे वाढवले.