नाक्यावरची पारख

"आधी गाडी बंद कर," दिगंबररावांनी पिकअपच्या बॉनेटवर काठी आपटली. "मग बोल."

लॉकडाऊन लागल्यापासून दिगंबरराव कामशेतच्या नाक्यावर पोलीसमित्र झाले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना घरातसुद्धा कोणी विचारेनासं झालं होतं. आता गळ्यात शिट्टी, अंगात चमकणारं जाकीट, हातात काठी आली आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हवालदार जेवायला गेले की नाक्याचे मालक तेच.

थापाड्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. म्हणजे सगळ्यांचाच. अख्खा मावळ घराबाहेर पडायला निमित्त शोधतोय, अशी त्यांची पक्की खात्री होती. कोणाची सासू अत्यवस्थ, कोणाची म्हैस अडलेली. परवा एकानं बायकोला पोट धरून कण्हायला लावलं आणि तळेगावातून मटण आणलं. सीटखालची पिशवी दिगंबररावांनीच हुडकून काढली होती. तेव्हापासून ते येईल त्याला सांगत, "माणूस नुसता बघितला की कळतं मला."

पिकअपवाला हात जोडत खाली उतरला.

"आबा, बायको हाय मागं. सकाळधरनं पोटात लय दुखतंय तिच्या. चक्कर येऊन पडली पण. लोनावळ्याला दवाखान्यात न्यायचीय."

'आबा' दिगंबररावांना खटकलं. जाकीट घातलेल्या माणसाला साहेब म्हणतात, एवढीही अक्कल नाही.

"नाव काय?"

"इरफान. वडिवळ्याचा."

नाव ऐकून दिगंबरराव मागे सरले आणि हनुवटीवरचा मास्क नाकावर ओढला. "पास?"

"दुधाचा हाय."

"दुधाचा! मग मागं काय, दूध कण्हतंय?" आपल्या विनोदावर ते स्वतःच हसले.

मागे रिकाम्या कॅनांच्या मधोमध गोधडीवर त्याची बायको सानिया पडली होती. तोंड पांढरंफटक, कपाळावर गार घाम. दिगंबररावांनी लांबूनच नजर टाकली. सोंग करणाऱ्या बायका डोळे असेच मिटून घेतात.

"दिवस गेल्यात तिला," इरफान म्हणाला. "दुसरा म्हैना हाय."

"मग दुखणारच. तुमच्या गावात बायका नवव्या महिन्यात भाताची लावणी करतात. हवालदार येऊ देत, मग बघू."

"आबा, तवर न्हाई टिकायची ती!"

"असं सगळेच म्हणतात."

तेवढ्यात लोणावळ्याकडून सायरन ऐकू आला. बॅरिकेडमध्ये एकच गाडी जाईल एवढी फट होती आणि तिच्या तोंडाशी पिकअप उभी. दिगंबररावांनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. "मागं घे! माणूस मरेल तुझ्या नाटकापायी!"

इरफाननं गाडी मागे घेताना चाक खड्ड्यात आदळलं. मागून सानियाची किंकाळी आली. दिगंबररावांनी ती ऐकली, पण त्यांचं लक्ष अँब्युलन्सकडे होतं.

अँब्युलन्स फटीशी थांबली आणि तिची मागची काच सरकली. आत एक बाई बसली होती, केसांवर गॉगल चढवलेला. "साहेब, प्लीज. मिस्टरांचं अपेंडिक्स फुटलंय. पुण्याला न्यायचंय."

साहेब! दिगंबरराव विरघळले.

त्यांची मुलगी मानसी लोणावळ्याच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. लॉकडाऊनपासून ती तिथेच राहत होती. दोनपैकी एक सर्जन क्वारंटाइन, आता सगळा भार एकट्या सरांवर, असं ती फोनवर सांगायची. म्हणजे अपेंडिक्स लोणावळ्यातही निघालं असतं. पण मोठी माणसं तिथल्या टेबलावर झोपत नाहीत, हे दिगंबररावांना समजत होतं आणि मनापासून पटतही होतं.

त्यांनी आत डोकावलं. स्ट्रेचरवर मास्क लावलेला माणूस निजला होता, हाताला सलाइन. पायाशी दोन मोठ्या बॅगा आणि हापूसची पेटी. बिचाऱ्याला किती दिवस राहावं लागणार, कोण जाणे. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, हात साबणानं सोलवटलेले. स्वच्छ माणूस! घराणं असं हातावरून कळतं. अशा माणसाला नाव विचारणं दिगंबररावांना बरं वाटेना.

इरफान धावत आला आणि काचेला बिलगला. "आत डॉक्टर हाय का कोनी? एकडाव बघा हो! बायको हितंच हाय माझी, रंग उडालाय तिचा!"

स्ट्रेचरवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दिगंबररावांचं काळीज तुटलं. "लाज वाटत नाही? मरणाच्या दारातल्या माणसाला तरी सोड!" त्यांनी इरफानला काठीनं मागे रेटलं आणि अँब्युलन्सला कडक सॅल्यूट ठोकला. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हवालदार ढेकर देत परतले. त्यांनी पिकअपमध्ये नजर टाकली मात्र, ओरडलेच, "अहो, हिला कशाला अडवलंय? सोडा आधी!"

दिगंबररावांनी उपकार केल्यासारखं बॅरिकेड सरकवलं. हवालदारांनाही माणसं ओळखता येत नाहीत, असं त्यांचं मत झालं.

ते चहा घेत बसले होते, तेव्हा मानसीचा फोन आला.

"बाबा, वडिवळ्याची एक बाई आलीय. गर्भ नळीतच वाढून नळी फुटलीय, सगळं पोट रक्तानं भरलंय. टेबल तयार आहे, भुलीच्या मॅडम हातमोजे घालून उभ्या आहेत. आणि सरांचा पत्ता नाही! फोन बंद, क्वार्टरला कुलूप."

"येतील गं. त्या बाईला मीच सोडलं," दिगंबरराव चहाचा घोट घेत म्हणाले.

"दुसरीकडे हलवावं म्हटलं, तर आपली अँब्युलन्सपण जागेवर नाही. तुमच्या नाक्यावरून गेली का?"

"गेली की. मीच वाट करून दिली. फार सीरियस पेशंट होता आत, पुण्याला नेत होते."

पलीकडे मानसीच्या मागे कुठंतरी इरफान कोणाला तरी हाका मारत होता.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही आज एकही पेशंट बाहेर पाठवलेला नाही."