पायांपुरता आरसा

माझ्या चपलांच्या दुकानात पाय दिसण्यापुरता एक आरसा जमिनीवर तिरका ठेवलाय. चाळीस वर्षं गावाच्या पायांत जोडे चढवतोय मी. चेहरे विसरेन, पाय नाही.

समोर नवं दुकान झालं आणि माझ्यावर माश्या मारायची वेळ आली. आरशात मात्र गर्दी होती! मास्तरांची वाकडी करंगळी, डॉक्टरीणबाईंच्या भेगाळ टाचा. सगळी माझीच गिऱ्हाइकं तिथे जोडे घालून बघत होती. मागे वळलो, तर बाकं रिकामी.

आरशातल्या त्या दुकानदाराचेही फक्त पाय दिसायचे. चपला माझ्यासारख्याच, पण कोऱ्या करकरीत. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "सवतीवर जळणाऱ्या बायका पाहिल्यात बाई, आरशावर जळणारा नवरा पहिलाच!"

आज दुपारी तिचा आवाज आला, "अहो, डबा आणलाय."

मी दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

आरशात तिचे पाय गर्दीतून वाट काढत आले आणि त्या कोऱ्या चपलांपाशी थांबले.

"किती उशीर केलास," तो माझ्याच आवाजात म्हणाला. ती हसली. हे हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अगं, मी इकडे आहे!" मी ओरडलो.

तिची पावलं माझ्या दिशेने वळली. "कोण हाक मारतंय हो?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "समोरचं दुकान बंद पडलंय ना, तिथून येतात असे आवाज."