नात्याचा रकाना

"हाडांना तुमचाच हात लागलाय, प्रोफेसरबाई." काझिमिरोने कागद पुढे सरकवला.

पोर्तुगालच्या त्या विद्यापीठात प्राध्यापकांची बाहेरची सल्लागारी त्याच्या कचेरीतूनच जायची. करार तो करायचा, शिक्का तो मारायचा आणि काही चुकलं की खापरही त्याच्याच डोक्यावर फुटायचं. सीमेजवळच्या एका नगरपालिकेला जुनी विहीर उपसताना एका तरुण पुरुषाची हाडं सापडली होती. ती कुणाची, हे ओतिलियाच्या प्रयोगशाळेने सांगायचं होतं.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा डीएनए नमुना नोंदवून ठेवलेला असतो, कुणाच्या हाताने भेसळ झाली तर कळावं म्हणून. हाडं जुळली ती एकट्या ओतिलियाशी.

"दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर मी शहरातही नव्हते."

"मग काय भूत शिरलं होतं?" तो हसला. ओतिलिया हसली नाही. गेले आठ दिवस तिला झोप नव्हती.

"हे बघा बाई, शुक्रवारी अहवाल जायलाच हवा. नमुना बिघडला, ओळख पटत नाही, असं लिहा आणि पुरू द्या त्यांना ती हाडं. कोण रडतंय त्याच्यासाठी?"

"एक दिवस द्या मला."

ती गावी आईकडे गेली. चुलीपाशी अदेलिनो चेस्टनट सोलत बसला होता. सावत्र बाप असला तरी त्यानेच तिला लहानाची मोठी केलं होतं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, मधोमध फाटलेला आणि डिंकाने जोडलेला. त्या काळी चोरून फ्रान्सला जाणारा माणूस आपला फोटो फाडून अर्धा घरी ठेवायचा. सुखरूप पोचला की उरलेला अर्धा धाडायचा. दोन्ही तुकडे जुळले की घरचे सीमेपार नेणाऱ्या वाटाड्याचे पैसे चुकते करायचे.

"पोचला आणि विसरला मेला," आई नेहमीसारखी म्हणाली. "तिकडे दुसरी केली असेल."

"तो तुकडा पोस्टाने आला होता का गं?"

"पोस्ट कुठलं! यांनीच तर आणून दिला. वाटाडे होते ना तेव्हा."

अदेलिनोने मान वर केली नाही. "सूप निवतंय, पोरी," तो म्हणाला.



दुसऱ्या दिवशी काझिमिरोने विचारलं, "मग? बिघडला असंच लिहायचं ना?"

"करारासोबत मी भरून दिलेला कागद काढा."

त्याने फाइल उघडली. 'या प्रकरणाशी संबंधित कुणाशी आपलं नातं आहे का?' या प्रश्नापुढे तिच्याच अक्षरात 'नाही' होतं.

"आता कशाला हे?"

"माझा हात लागला असता, तर हाडं माझ्याशी पूर्ण जुळली असती," ओतिलिया म्हणाली. "ती अर्धीच जुळलीत."

तिने 'नाही' खोडलं आणि पुढे दोन नावं लिहिली. एक वडिलांचं, दुसरं अदेलिनोचं.