माणूस नसलेला किनारा

"हा नारळ कुणी लावला?" जज बाईंनी विचारलं.

"माझ्या आजोबांनी," एडली म्हणाला. "माझी ही मावशी, मिस ओनायडा, जन्मली त्या दिवशी. तिची नाळ पुरलीय ह्याच्याखाली. तो पलीकडचा वाकडा दिसतोय ना, तो माझा. मीही तसाच निघालो."

जज बाई हसल्या. कारकुनाने लिहून घेतलं. एडलीने मावशीकडे बघून डोळा मारला. ऐंशी वर्षांची मिस ओनायडा चर्चला जायची टोपी घालून पायरीवर बसली होती. कागद तिच्याकडे एकही नव्हता. ह्या किनाऱ्यावर कुणाकडेच नसतो. मूल झालं की नाळ पुरायची, वर नारळ लावायचा, झाला सातबारा.

हॉटेल कंपनीला इथे चाळीस खोल्या बांधायच्या होत्या. जागा ओसाड होती, म्हातारी आत्ता येऊन बसली, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून जज बाई लिमोन शहरातल्या कोर्टातून स्वतः बघायला आल्या होत्या. त्यांनी काजळी धरलेली चूल बघितली. कोको वाळवायच्या जुन्या फळ्या बघितल्या. कोंबड्या पायात आल्या. काम झाल्यातच जमा होतं.

इतका वेळ कंपनीचा वकील बुटातली वाळू झटकत होता. आता त्याने टॅबलेट काढला.

"बाईसाहेब, एक छोटीशी फिल्म बघू या?"

फिल्ममध्ये एडली होता. उघडाबंब, हातात कोयता, मागे हाच नारळ.

"श्श! इथून पुढे हळू बोला," फिल्ममधला एडली पाहुण्यांना सांगत होता. "ह्या किनाऱ्यावर माणूस कधी राहिलाच नाही. हे नारळसुद्धा कुणी लावले नाहीत. समुद्राने आणून टाकले, वाळूने रुजवले."

एडली टॅबलेटपाशी सरकला.

तीस वर्षं तो होडीतून पाहुणे फिरवत होता. शहरातल्या माणसाला कुणी न शिवलेलं जंगल लागतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. घर दिसलं की पाहुण्यांची तोंडं उतरायची. मग मावशी-भाच्यांनी खेळ रचला. होडी वळणावर आली की एडली शीळ घालायचा. मावशी धावत दोरीवरचे कपडे काढायची, चुलीवर पाणी मारायची, कोंबड्या डालायची, झावळ्या ओढून दार झाकायची आणि आत गुपचूप बसायची. पाहुणे गेले की दोघं पोट धरून हसायची.

"आज एक बाई माझ्या संडासाकडे तोंड करून रडली रे," मावशी सांगायची. "'किती पवित्र जागा!' म्हणाली."

"हे तुम्हीच ना?" जज बाईंनी विचारलं.

"मीच. पण ती गंमत होती, बाईसाहेब. पोटासाठी."

"आणि मघाशी नाळेचं सांगितलंत, तीही गंमतच का?" वकील म्हणाला. "बाईसाहेब, अशा एकोणीस फिल्म आहेत. पाहुण्यांनीच काढलेल्या. अकरा वर्षांमधल्या. एकीतही घर नाही, धूर नाही, कोंबडी नाही. वाळत घातलेलं एक फडकं नाही."

तेवढ्यात फिल्ममधल्या झाडीतून आवाज आला. खीक! खीक!

"ऐकलंत?" फिल्ममधल्या एडलीने बोट वर केलं. "दुर्मिळ पक्षी. माणसाचा वास आला की उडून जातो, परत येत नाही."

"ती मावशी आहे!" एडली ओरडला. "हसू आवरलं नाही तिला! घरातच होती ती, त्या झावळ्यांच्या मागे! आई शप्पथ!"

जज बाईंनी तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. मान तिरकी करून ऐकला. मग हळूच म्हणाल्या, "मिस ओनायडा, जरा हसून दाखवता?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मावशी एडलीकडे बघायला लागली.

एडलीने डोळे तिरळे केले. गाल फुगवले. संडासाकडे तोंड करून, छातीवर हात ठेवून, त्या बाईच्या आवाजात म्हणाला, "किती पवित्र जागा!" एरवी एवढ्यावर मावशीची टोपी पडली असती. आज तिचे ओठ नुसते ताणले गेले. तोंड उघडलं आणि खोकल्यासारखं काहीतरी बाहेर आलं.

"हस ना गं," एडली म्हणाला. आता त्याच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हस ना. एकदाच."

मावशीने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"हा पक्षी वेगळा दिसतोय," वकील म्हणाला.

जज बाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. मग त्या एडलीजवळ आल्या.

"मला तुमचं आत्ताचं बोलणं खरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर अकरा वर्षं आहेत, आणि त्यातही तुम्हीच बोलताय."

कारकुनाने एकोणीस फिल्म दाखल करून घेतल्या. सगळे जीपकडे निघाले. वकील मागे थांबला आणि नारळापासून पाण्यापर्यंत पावलं टाकत अंतर मोजायला लागला.

मिस ओनायडा पायरीवरून उठली. टोपी नीट केली. दोरीपाशी गेली आणि एकेक कपडा काढून खांद्यावर टाकायला लागली.

"अगं, ओले आहेत ते," एडली म्हणाला.

"असू देत," मावशी म्हणाली. "पाहुणे आले की काढायचे असतात. आज तूच शीळ घालायला विसरलास."