चेहरा जुळला

“ताई, चेहरे तपासायचे, माणसांत अडकायचं नाही,” असं सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी बजावलं, तेव्हा ऋजुता हसली होती.

आज बाळाला मांडीवर थोपटत ती बँकेत ऑनलाइन खातं उघडणाऱ्यांचे व्हिडिओ तपासत होती. एका आजींचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळला. आता समोर जिवंत माणूस आहे, याची खूण म्हणून पापण्या हलायला हव्या होत्या. “आजी, डोळे मिचकावा ना,” कुणीतरी लाडानं म्हणालं. आजी निपचित. मग दोन बोटं आली आणि त्यांनीच आजींच्या पापण्यांची उघडझाप केली.

अर्ज नाकारून ऋजुतानं सुपरवायझरला फोन लावला.

“बँक वाचली ना? मग झालं! नाव-पत्ता आपल्याला दाखवतच नाहीत. पुढचा घ्या,” सुपरवायझर म्हणाला.

तिच्याजवळ उरलं ते एवढंच: निळी भिंत, कपाळावर गोंदण, एकाच कानात कुडी. तुमच्या ओळखीत अशा आजी असतील, तर आत्ता जाऊन बघा ना.