दूधविनायकचं वळण

पंच्याहत्तरीत आमचे हे रामघाटाकडून पळायला लागले. छातीला पट्टा, खिशात मोबाईल. त्यात उमटलेले हृदयाचे ठोके नात हिमानी रोज तपासते.

"आजोबा, दूधविनायकच्या वळणावर ठोके रोज एकदम चढतात. तिथे ना चढण, ना पायऱ्या. कारण कळेपर्यंत दौड बंद!"

यांचा चेहरा उतरला. मी मात्र लाजले. त्या वळणावर माझं माहेर. लग्नाआधी हे रोज खालून जायचे आणि मी खिडकीत असायची.

"अहो, सांगा की तिला खिडकीचं."

"खिडकीचं काय? खाली तुझे अण्णा सोटा घेऊन बसायचे! अजून तिथे आलं की पाय आपोआप जोरात पळतात."

हिमानी हसत सुटली. "उद्या तिथे सावकाश चाला. आजी, मोबाईल तू धर."

सकाळी आम्ही त्या वळणावर रमतगमत पोचलो. अण्णांना जाऊन चाळीस वर्षं झाली. यांनी हळूच वर खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोबाईलवरचा आकडा भराभर चढला.

घरी येऊन मी हिमानीला म्हटलं, "पळू दे ग त्यांना. अण्णांची भीती आहे, दुसरं काही नाही."