हिरवा नकाशा

डेंग्यूचे रुग्ण दाखवणारा इंदूरचा नकाशा मी साहेबांपुढे ठेवला. जिथे रुग्ण जास्त, तिथे गडद लाल. साहेबांची रंगांची समज लग्नाच्या मांडवापुरती.

"शलाकाजी, हे काय रक्तबंबाळ करून ठेवलंय? सफाईत नंबर वन शहर आहे आपलं. इन्फोग्राफिक कसं पाहिजे, बघताच दिल खूश!"

"सर, लाल बघून लोक सावध होतील."

"घाबरतील. हिरवा टाका. जिथे पेशंट जास्त तिथे गडद हिरवा. बात तर तीच राहते ना?"

"मग रंगाचा अर्थ खाली मोठ्या अक्षरात लिहू?"

"बारीक लिहा. कोण वाचतं ते?"

या माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मी सगळं हिरवं केलं. सुदामा नगर तर बगीच्यासारखं दिसायला लागलं. साहेबांनी तो नकाशा शहरभर लावला.

काही दिवसांनी ते खुशीत माझ्या टेबलापाशी आले.

"मान गए, शलाकाजी! आमच्या गल्लीत डेंग्यूचा पेशंट निघाला. मी लगेच तुमचा नकाशा उघडला आणि नातीला सुदामा नगरला तिच्या मावशीकडे पाठवून दिलं. सगळ्यात हिरवं तेच आहे ना!"